सोसायटीच्या बागेतली माती आणि ग्रिलचा कोपरा: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका सोसायटीतलं आहे. कोण, कुठं हे ओळखू येईल असं सगळं काढून टाकलंय, घडलं तसं क्रमानं लिहिलंय. मी मृदाशास्त्र शिकलेली, राहायला त्याच भागात, म्हणून मला बोलावलं गेलं. माझ्या हातून ज्या चुका झाल्या त्याही लिहिल्यात, कारण याच चुका आमच्या विषयातली बरीच माणसं करतात असं मला मनापासून वाटतं.

पार्श्वभूमी

चाळीसेक वर्षं जुनी सोसायटी, चार मजली तीन बिल्डिंगा आणि मधे तीन गुंठ्यांच्या आसपास मोकळी जागा, त्यात एका अंगाला झोपाळा-घसरगुंडी, एका अंगाला जास्वंद-तगर आणि पलीकडे कंपोस्टचा खड्डा. लॉकडाऊनमध्ये भाजी मिळेना तेव्हा तिथल्या काही जणींनी मेथी, पालक, मुळा लावला आणि तो नाद पुढे सुटलाच नाही. २०२४ चा पावसाळा संपल्यावर ठरलं की आता नीट वाफे पाडू, घरटी एक वाफा देऊ.

त्याच सुमारास ग्रुपवर तो मेसेज फिरत होता, जगात फक्त साठ वर्षं पिकतील एवढीच माती उरलीय वगैरे. त्यावरून सभेत विषय निघाला की मग आपली माती कशी आहे ते तरी तपासून घेऊ. (त्या साठ वर्षांच्या दाव्याला कुठल्याही अभ्यासाचा आधार सापडत नाही. काही जमिनी झपाट्यानं झिजतायत हे खरं, आणि सांभाळल्या तर हजारो वर्षं टिकतील अशा जमिनी आहेत हेही खरं, सगळ्या जगाला एकच तारीख लावता येत नाही. हे मी तेव्हाच सभेत सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण मला वाटलं चुकीच्या मेसेजमुळे का होईना पण लोक मातीबद्दल बोलतायत तर बोलू देत.)

जागेचा इतिहास मला कागदावर कुठंच मिळाला नाही, तो मिळाला तळमजल्यावरच्या ऐंशीच्या घरातल्या काकांकडून. ते म्हणाले, इथं खाजण होतं, भरतीला पाणी यायचं, पलीकडे मिठागर, आणि मग ट्रकच्या ट्रक मुरूम आणि पाडलेल्या घरांचं डेब्रिज आणून ओतलं. मुंबईत हे काही नवीन नाही, सात बेटांचं शहर झालंच मुळी भराव घालून. बागेचं काम बघणारे माळीमामा संगमेश्वरकडचे, त्यांनी तर पहिल्याच दिवशी मूठभर माती ओली करून बोटांत वळून बघितली आणि म्हणाले, "ताई, ही माती नाय, भराव आहे. वीतभर कुदळ गेली की खण्णकन वाजते."

मी ते ऐकलं, वहीत लिहिलंसुद्धा, आणि तरी नमुना घेताना विसरले. सगळं प्रकरण इथूनच सुरू होतं.

समस्या

नमुना मी शिकवल्याप्रमाणे घेतला. आडवंतिडवं नागमोडी फिरायचं, बारा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करायचा, वीतभर खोलीपर्यंतची कडेची माती खरवडायची, सगळी घमेल्यात एकत्र कालवायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जायचे आणि शेवटी अर्धा किलो उरली की सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरायची. शेतासाठी ही पद्धत उत्तम, कारण शेतातली जमीन बांधापासून बांधापर्यंत बहुतेक एकाच जातीची असते आणि शेतकऱ्याला प्रश्न पडलेला असतो तो खत किती टाकू हा.

आपल्याकडे मातीची तपासणी म्हटली की याच प्रश्नाचं उत्तर मिळतं. १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानात सुरतगडला सुरू झालेली मृदा आरोग्य पत्रिका बघा, त्यात बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू (म्हणजे पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब (म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत आलेला कार्बन). शेतकऱ्यासाठी मोलाची योजना आहे, पण त्यात शिसं नाही, कारण शेतकऱ्याचा तो प्रश्नच नाही. हायवे जवळ म्हणून मी लॅबला जड धातूही तपासायला सांगितले एवढंच काय ते माझं शहाणपण.

रिपोर्ट आला. सामू ७.८, म्हणजे किंचित विम्लधर्मी (अल्कलाइन). सेंद्रिय कर्ब १.६ टक्के, आपल्याकडे ०.७५ च्या वर गेला की भरपूर म्हणतात, म्हणजे कंपोस्टचं चीज झालेलं. क्षारता अगदी कमी, याचा मला खूप आनंद झाला, कारण खाजणाचं मीठ चाळीस पावसाळ्यांनी धुऊन नेलं होतं, मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तो अशा कामालाही येतो. शिसं किलोला ११९ मिलिग्रॅम, साध्या काळ्या अक्षरात. आणि तांबं १४०, लाल रंगात, पुढे "मर्यादेपेक्षा जास्त".

मी तो पीडीएफ रात्री तसाच्या तसा ग्रुपवर टाकला.

सकाळी उठून बघते तर दोनशेच्या वर मेसेज. तांबं म्हणजे विष, बोअरिंगचं पाणी खराब असणार, मुलांना खाली सोडू नका, कुणीतरी रातोरात मेथी उपटून टाकलेली, आणि सेक्रेटरींचा ठाम प्रस्ताव की सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवून विषय संपवू. सेंद्रिय कर्ब छान आहे हे एकानंही वाचलं नव्हतं, आणि ११९ या आकड्याकडे तर कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. माझंही नाही.

पहिला निर्णय: समजवायचं कसं

तांब्याचं उत्तर मला माहीत होतं. सह्याद्री, दख्खन आणि आपली मुंबईही ज्या काळ्या दगडावर उभी आहे तो बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्हा ओतून झालेला, आणि बेसॉल्टमध्ये तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच इतर बहुतेक खडकांपेक्षा जास्त असतं. तो दगड झिजून जी माती किंवा मुरूम होतो त्यात ते उतरतंच. लॅबनं जी मर्यादा लावली होती तिला आपला खडक माहीतच नव्हता. थोडक्यात, लाल अक्षरातला आकडा निरुपद्रवी होता.

मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं, अकरा परिच्छेद. कुणीही वाचलं नाही, आणि त्यांना दोष तरी कसा देणार, घाबरलेल्या माणसाला बेसॉल्टचा इतिहास नको असतो. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात, सगळे त्यांना बाई म्हणतात, त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "अगं लिहितेस काय, खाली ये. लोकांना माती दाखव."

दोन पर्याय होते. एक, आणखी कुणा तज्ज्ञाला बोलावून हॉलमध्ये प्रेझेंटेशन द्यायचं. दुसरा, झोपाळ्यापाशी बसून मातीत हात घालायचा. बाईंचं ऐकलं. दिवसही बरा सापडला, ५ डिसेंबर, जागतिक मृदा दिन. संयुक्त राष्ट्रांनी तो २०१४ पासून पाळायला सुरुवात केली, पण सोसायटीत कुणी ऐकलाही नव्हता.

झोपाळ्यापाशी काय झालं

मुलांना काचेच्या बरण्या आणायला सांगितल्या. तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर साबणाची पूड, झाकण लावून खळखळून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात खाली बसते, पोयटा (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड कण) दोनेक तासांत, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीसुद्धा पाणी गढूळ ठेवते. एकाच बागेतल्या चार बरण्यांत चार वेगळे थर दिसले, एकीत तर विटेचे तुकडे आणि फरशीचा कपचा. माळीमामांनी पहिल्या दिवशी सांगितलेलं मला त्या बरण्यांत दिसलं, आणि बारा ठिकाणची माती एकत्र कालवून मी काय केलं होतं ते तेव्हा कळलं.

मग प्रश्न सुरू झाले, आणि मला वाटलं होतं तसा एकही प्रश्न खताचा नव्हता. शाडूची मूर्ती बादलीत विसर्जन करून ते पाणी कुंडीत ओतलं तर कुंडी दगडासारखी का झाली? (शाडू म्हणजे फार बारीक चिकणमाती, कुंडीतल्या मातीची भोकं बुजतात, हवा खेळत नाही. गाळ वाळवून पुढच्या वर्षी पुन्हा मूर्तीलाच वापरा.) नर्सरीत गोणीतून येणारी लाल माती येते कुठून? याचं उत्तर एकदम शांतता पसरवणारं होतं, कारण ती कुठल्यातरी डोंगराच्या अंगावरून खरवडूनच आलेली असते, आणि तिथं ती परत तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.

पहिल्या पावसाचा वास मातीला का येतो हे एका मुलीनं विचारलं. मी जिओस्मिन या वासाच्या द्रव्याबद्दल सांगितलं, मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जंतू ते बनवतात आणि आपल्या नाकाला ते इतक्या सूक्ष्म प्रमाणातही कळतं की विश्वास बसू नये. त्याच कुळातल्या एका जंतूपासून १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, क्षयावरचं पहिलं खरं गुणकारी अँटिबायोटिक, आणि सेल्मन वाक्समन या मातीतल्या जंतूंच्या अभ्यासकाला १९५२ चं नोबेल मिळालं. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या एक आजी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "लग्नाआधी मला टीबी झाला होता. ती इंजेक्शनं मी घेतलीत. म्हणजे माझं औषध मातीतनं आलं?" आणि खाली वाकून त्यांनी चिमूटभर माती हातात घेतली. मी इतकी वर्षं हा विषय शिकले, शिकवला, पण माती आणि माणूस यांचं नातं मला कुणी इतक्या सरळ दाखवलं नव्हतं.

हे सगळं मूळ प्रश्नाला सोडून वाटेल, पण नाही. या गप्पा झाल्या म्हणूनच माळीमामांना बोलावंसं वाटलं. सगळे उठायला लागले तेव्हा ते म्हणाले, "ताई, त्या ग्रिलच्या कोपऱ्यातली माती वेगळी घेतली होती काय? दर पाच-सहा वर्षांनी रंगारी येतात, जुना रंग पत्र्यानं खरवडतात, सगळा चुरा तिथंच पडतो."

दुसरा निर्णय: पुन्हा तपासायचं का

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगात ते दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको हा नियम २०१७ च्या शेवटी लागू झाला, पण त्याआधीचे थर जुन्या ग्रिलवर अजून आहेतच. त्यात हायवे, आणि शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं ते २००० साली. मीठ पावसानं धुऊन जातं, शिसं जात नाही, चिकणमातीला आणि सेंद्रिय पदार्थाला धरून बसतं, आणि सामू ७.८ असेल तर पाण्यात विरघळतही नाही फारसं. पडलं तिथं राहतं.

पुन्हा तपासणी म्हणजे पुन्हा पैसे, आणि सेक्रेटरींचं म्हणणं, एकदा रिपोर्ट झालाय ना. पण या वेळी मागणी माझी नव्हती, लोकांची होती, वर्गणी दोन दिवसांत जमली. मुलांनी जागेचा नकाशा काढला, काकांनी डेब्रिज कुठं ओतलं होतं ते दाखवलं, मामांनी रंगाच्या चुऱ्याची जागा, आणि आम्ही आठ ठिकाणचे आठ वेगळे नमुने घेतले, न कालवता. खुरपं प्रत्येक वेळी पुसून.

झोपाळा, वाफे, कंपोस्टजवळ, सगळीकडे शिसं ३० ते ६०, शहरातल्या मातीला ठीक म्हणावं असं. ग्रिलच्या कोपऱ्यात ३४०.

आता पहिल्या रिपोर्टचा हिशेब करून बघा. बारा खड्ड्यांतले तीन त्या कोपऱ्यातले होते. तीन गुणिले ३४० आणि नऊ गुणिले ४५ धरले तर बेरीज १,४२५, भागिले बारा म्हणजे ११९. आकडा तंतोतंत बरोबर होता, आणि त्यात तो कोपरा गडप झाला होता.

गंमत नाही, काळजीची गोष्ट पुढे आहे. या ३४० ला लॅबनं लाल केलंच नव्हतं. त्यांच्या तक्त्यात मर्यादा ४०० होती, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची जुनी. त्याच संस्थेनं जानेवारी २०२४ मध्ये राहत्या जागेच्या मातीसाठी ती २०० वर आणली. म्हणजे जो आकडा लाल होता त्याचं भय नव्हतं आणि ज्याचं होतं तो काळा होता.

तिसरा निर्णय: आधी कुणाला सांगायचं

यावर माझी एक रात्र गेली. सेक्रेटरींचं म्हणणं होतं की कमिटीपुरतं ठेवू, रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत, बाहेर अफवा गेली तर निस्तरता येणार नाही. त्यांची भीती खोटी नव्हती. पण लहान मुलं तिथं खेळतात, शिसं लहान मुलांच्या मेंदूला सगळ्यात जास्त इजा करतं, आणि ते पोटात जातं ते मुख्यतः मातीचे हात तोंडात घातल्यानं आणि धुळीतून, भाजीतून त्या मानानं कमी. हे लपवणं मला शक्यच नव्हतं.

शेवटी असं केलं. ज्या दोन घरची छोटी मुलं त्या कोपऱ्यात भातुकली खेळायची त्यांच्याकडे सकाळी स्वतः गेले, सगळं सांगितलं, मुलांच्या डॉक्टरांना विचारून रक्तातलं शिसं तपासून घ्या म्हटलं. त्यांनी तपासलं, निकाल त्यांचा त्यांच्याकडे. संध्याकाळी तोच नकाशा रंगवून नोटीस बोर्डवर लावला, आकड्याच्या शेजारी एका ओळीत काय करायचं ते. ग्रुपवर पीडीएफ टाकला नाही, ज्याला हवा त्याला छापून दिला.

तोललेले पर्याय

पेव्हर ब्लॉक सगळीकडे: धूळ बंद होईल, पण तीन गुंठ्यांत जिरणारं पाणी गेटबाहेर जाणार, आणि २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिलाय त्यांना यापुढचं सांगायला लागत नाही. सात चांगल्या जागा एका कोपऱ्यासाठी गाडायच्या हेही पटेना.

कोपऱ्याची माती काढून फेकणं: सगळ्यांना हेच हवं होतं. पण फेकायची कुठं? काढून नेणारा ट्रकवाला ती रात्री दुसऱ्याच्या खाजणात ओतणार. आमची सोसायटी ज्या भरावावर उभी आहे तो असाच कुठूनतरी आलेला.

काहीच न करणं, फक्त हात धुवा सांगणं: स्वस्त, पण पुढच्या रंगकामाला पुन्हा चुरा पडणार.

चौथा पर्याय बैठकीतच तयार झाला, माझ्या एकटीच्या डोक्यातून नाही.

काय केलं

ग्रिलच्या कोपऱ्यावर जाड जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं) अंथरलं, वर कंपोस्ट आणि वाळक्या पाल्याचा चांगला वीतभर थर, त्यात अबोली आणि कोरफड, भोवती विटांचा कठडा. खाण्याचं काही लावायचं नाही, खेळायला जागा झोपाळ्याकडे. बाकी वाफ्यांत आहे तीच माती ठेवली, लाल मातीची गोणी एकही आणली नाही, घरातला ओला कचरा आणि पाला जिरवून केलेलं खत घालत राहायचं. कोपऱ्याला लागून असलेल्या दोन वाफ्यांत पालेभाजी आणि मुळा-गाजर बंद, तिथं वांगी, भेंडी, टोमॅटो, कारण फळात शिसं फारच कमी चढतं, पानाला आणि कंदाला माती चिकटून येते. नळापाशी साबण कायमचा. आणि तांब्याचा लाल आकडा नोटीस बोर्डवर मुद्दाम ठेवला, खाली लिहून की हा आपल्या दगडाचा आहे, घाबरू नका.

परिणाम

जानेवारीत चौदाच्या चौदा वाफे घेतले गेले, त्यात पेव्हर ब्लॉकची मागणी करणारं एक घरही आहे. बाईंनी मुलांच्या बरण्या जिन्यात मांडून ठेवल्यात. सगळं मात्र सुटलं नाही. एका कुटुंबानं अजून मुलांना खाली पाठवणं बंदच ठेवलंय आणि पहिल्या रात्रीच्या त्या पीडीएफमुळे त्यांचा विश्वास उडाला, तो नंतरच्या कुठल्याच बैठकीत परत आला नाही. त्याची जबाबदारी माझी आहे. शिवाय कापडाखालचं शिसं तिथंच आहे, झाकलंय, गेलेलं नाही, हे दर नव्या सभासदाला सांगायला लागणार.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, नमुना घेण्याआधी एक संध्याकाळ नुसतं ऐकायला हवं होतं. काकांना खाजण माहीत होतं, मामांना चुऱ्याची जागा माहीत होती, ही दोन्ही माहिती माझ्या वहीत किंवा माझ्यापासून वीस पावलांवर होती. शहरातल्या जमिनीत तिचा इतिहास हीच पहिली चाचणी आहे असं मी आता धरते.

दुसरी, प्रश्न विचारून घ्यायला हवा होता. मी "पिकेल का" याचं उत्तर आणलं, त्यांचा प्रश्न "पोर खेळलं तर चालेल का" हा होता. आमचा विषय वाढला तो शेतीच्या अंगानं, त्यामुळे शहरातल्या माणसाला मातीत रस नाही असं आम्ही आपापसांत म्हणत राहतो. रस होता, रात्रीत दोनशे मेसेज येतात म्हणजे रस होताच. तो आमच्या तक्त्यात बसत नव्हता.

तिसरी, साठ वर्षांचा मेसेज तेव्हाच खोडायला हवा होता. चुकीच्या भीतीवर लोक जमवले की पुढचा खरा धोका सांगताना आपल्याच शब्दाला वजन राहत नाही, तांब्याच्या वेळी हे मी अनुभवलं.

चौथी लॅबबद्दल. मर्यादा कुठली, कुठल्या सालची, कशासाठीची, हे विचारल्याशिवाय रंग बघून रिपोर्ट वाचायचा नाही. मी विचारलं ते दुसऱ्या खेपेला.

आता पुढचं काम ग्रिलचं आहे. दिवाळीआधी रंगकाम निघतंय, कंत्राटात या वेळी वेगळं कलम घातलंय: कोरडं खरवडायचं नाही, ओलं करून घासायचं, खाली प्लॅस्टिक अंथरायचं, चुरा पोत्यात भरून बांधायचा, रंगाऱ्यांना मास्क सोसायटीनं द्यायचे. रंगाऱ्यांना हे समजवायला माळीमामा जाणार आहेत, मी नाही. त्यानंतर पुन्हा आठ नमुने, त्याच नकाशावर, आणि खुरपं या वेळी त्या आजींच्या नातीच्या हातात असणार आहे, तिनं आधीच नाव लावून ठेवलंय.